अंदमान-निकोबारचे प्राणी असे का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सेल्युलर जेल बघायला जाणाऱ्या मराठी कुटुंबांना परत आल्यावर काही प्रश्न हमखास पडतात. एवढं दाट जंगल, पण एक माकड दिसलं नाही. रॉस बेटावर (आताचं नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप) मात्र चितळांचे कळप. जेवणाच्या हॉटेलात भिंतीवर पोपटी रंगाची पाल, तीही भरदिवसा. निसर्गाच्या नादामुळे हे प्रश्न माझ्याकडे फिरून फिरून येतात, म्हणून उत्तरं एकत्र लिहून काढली. प्राण्यांपासून सुरू झालेलं जवळपास प्रत्येक उत्तर शेवटी समुद्राच्या तळाशी जातं. दोन जमिनींमधलं पाणी किती रुंद आहे, यापेक्षा ते किती खोल आहे हे आधी बघायचं, एवढं ध्यानात ठेवलं तरी निम्मी कोडी सुटतात.

अंदमानच्या जंगलात वाघ, बिबट्या, कोल्हा, माकड यांपैकी काहीच का नाही?

कारण त्यांना चालत येता आलं नाही.

सुमारे २०,००० वर्षांपूर्वी, शेवटचं हिमयुग ऐन भरात असताना, पृथ्वीवरचं पुष्कळसं पाणी बर्फाच्या रूपात जमिनीवर साठून होतं आणि समुद्राची पातळी आजच्यापेक्षा साधारण १२० मीटर खाली होती. पाणी उतरल्यावर उथळ समुद्राचे तळ उघडे पडले. श्रीलंका भारताला जोडलेली होती. सुमात्रा, जावा, बोर्निओ आणि मलेशिया मिळून एकच मोठा भूप्रदेश झाला होता. म्हणूनच श्रीलंकेत बिबट्या आणि हत्ती आहेत, सुमात्रात वाघ आणि गेंडा आहे. हे प्राणी पोहून गेले नाहीत. ते चालत गेले आणि मागाहून समुद्र चढला.

अंदमानचं तसं झालं नाही. उत्तरेकडे म्यानमारचा किनारा अडीचशे किलोमीटरच्या आसपास आहे, म्हणजे चेन्नईपेक्षा (तेराशे किलोमीटरहून अधिक) कितीतरी जवळ. पण मधल्या समुद्रात खोल पट्टे आहेत. पाणी १२० मीटरनी उतरलं तेव्हा अंदमानची सगळी बेटं आपापसांत जोडली जाऊन एक लांबलचक बेट तयार झालं आणि म्यानमार आणखी जवळ आला. तरीही मध्ये पाण्याची चिंचोळी पट्टी राहिलीच, असं बहुतेक अभ्यासक मानतात. ती पट्टी पक्ष्याला किंवा वटवाघळाला काहीच नाही. बिबट्याला मात्र ती भिंत ठरली.

त्यामुळे अंदमानच्या मूळच्या सस्तन प्राण्यांत भरणा आहे तो वटवाघळांचा, उंदरांचा आणि चिचुंद्र्यांचा. रानडुक्कर आणि एक प्रकारचं उदमांजर तिथे आहे, पण तेसुद्धा प्राचीन काळी माणसाबरोबर होडीतून आले असावेत अशी शंका आहे.

अंदमान आणि निकोबार यांचे प्राणी सारखेच असतील ना? नाव तर जोडीनेच घेतो आपण.

जोडी कारभाराची आहे, निसर्गाची नाही. दोघांमध्ये सुमारे १५० किलोमीटर रुंदीची दहा अंश खाडी आहे. १० अंश उत्तर अक्षांशावर आहे म्हणून हे नाव. हिमयुगातही ती पाण्याखालीच होती.

अंदमानचे नातेवाईक म्यानमारकडचे, तर निकोबारचे सुमात्रा-मलेशियाकडचे. ग्रेट निकोबारच्या दक्षिण टोकापासून, म्हणजे इंदिरा पॉइंटपासून, सुमात्राच्या बाजूची पहिली बेटं दीडशे-पावणेदोनशे किलोमीटरवर आहेत. निकोबारमध्ये लांब शेपटीचं, खेकडे खाणारं माकड आहे. अंदमानात मूळचं एकही माकड नाही. निकोबारमध्ये ट्री श्र्यू हा खारीसारखा दिसणारा छोटा प्राणी आहे, तोही अंदमानात नाही. उलट अंदमानात सुतारपक्षी आहेत, निकोबारमध्ये नाहीत. सर्पगरुडाची तर दोन्हीकडे वेगळी जात आहे. ग्रेट निकोबारचा सर्पगरुड जगातल्या सर्वांत लहान गरुडांपैकी एक मानला जातो.

असाच अनुभव आल्फ्रेड रसेल वॉलेस या इंग्रज निसर्ग-अभ्यासकाला १८५६ मध्ये आला होता. बाली आणि लोंबोक या बेटांमध्ये जेमतेम ३५ किलोमीटर समुद्र आहे. एका काठावर आशियाचे पक्षी, तर पलीकडे काकाकुवा आणि ऑस्ट्रेलियाच्या गणगोतातले पक्षी. अंतर थोडं होतं, पण पाणी खोल होतं.

ही बेटं मुळात आली कुठून?

म्यानमारच्या पश्चिम किनाऱ्याला लागून आराकान योमा नावाची डोंगररांग आहे. ती दक्षिणेकडे समुद्रात उतरते, पण संपत नाही. पाण्याखालून तशीच पुढे जाते. तिची जी शिखरं पाण्याबाहेर राहिली, ती अंदमान-निकोबार. उत्तर अंदमानातलं सॅडल पीक सुमारे ७३० मीटर आहे, ग्रेट निकोबारमधलं माउंट थुलियर ६४२ मीटर.

ही रांग उभी राहिली त्याचं कारण भारत ज्या भूपट्टावर, म्हणजे पृथ्वीच्या कवचाच्या प्रचंड तुकड्यावर, बसला आहे तो भूपट्ट. तो इथे पूर्वेकडच्या भूपट्टाखाली सरकतो आहे. सरकताना समुद्रतळावरचा गाळ आणि खडक खरवडले जातात आणि पुढच्या काठावर साचत, चुरगळत वर येतात. घावन काढताना उलथन्यापुढे त्याची घडी पडत जाते, तसंच काहीसं. गेली काही कोटी वर्षं हे चाललं आहे. खाली गेलेला भूपट्ट आणखी खोलवर पोचला की त्याच्यावरचा खडक वितळतो आणि ज्वालामुखी तयार होतात. बॅरन आणि नारकोंडम ही दोन्ही बेटं तशी झाली. म्हणून ती मुख्य रांगेत नाहीत, तिच्या पूर्वेला सरकून आहेत.

प्राण्यांच्या दृष्टीने यातली महत्त्वाची गोष्ट अशी : खंडापासून तुटून झालेलं बेट प्राण्यांसकट तुटतं. समुद्रातून वर आलेलं बेट कोरी पाटी घेऊन येतं. अंदमान-निकोबार दुसऱ्या प्रकारात मोडतात. तिथल्या प्रत्येक प्राण्याच्या कुठल्यातरी पूर्वजाने कधीतरी समुद्र ओलांडला आहे.

मग बेडूक आणि पाली कशा पोचल्या? बेडूक तर खाऱ्या पाण्यात मरतो.

वादळात नदीकाठची झाडं मुळांसकट उन्मळून पडतात. माती, वेली, पोकळ खोडं, त्यात अडकलेले जीव असा अख्खा तराफा समुद्रात जातो. असे हजारो तराफे बुडतात आणि लाखो वर्षांत एखादाच लागतो. पण काळाला घाई नसते. कॅरिबियन समुद्रात हे माणसाच्या डोळ्यांदेखत घडलं आहे. १९९५ च्या चक्रीवादळांनंतर अँग्विला बेटाच्या किनाऱ्यावर झाडांचा ओंडक्यांसकट गुंता येऊन लागला. त्यावर हिरवे इग्वाना होते, किमान १५. त्याआधी त्या बेटावर ती जात नव्हती.

बंगालचा उपसागर आणि अंदमानचा समुद्र म्हणजे चक्रीवादळांचं माहेरघर, आणि उत्तरेला इरावतीसारखी प्रचंड नदी. तराफे सुटायला याहून सोयीची जागा कुठली?

बेडकांचं कोडं तरीही अवघड आहेच, कारण त्यांची त्वचा मीठ सोसत नाही. तराफ्यावर पाऊस पडत राहिला आणि खोडाच्या ढोलीत गोडं पाणी टिकलं, तरच जमायचं. एकदा पोचलेले मात्र निराळ्याच वाटेने गेले. २०१६ मध्ये अंदमानातल्या एका चिमुकल्या भेकाचं (टोडचं) वर्णन प्रसिद्ध झालं. तो इतका वेगळा निघाला की त्याच्यासाठी नुसती नवी जात नाही, तर नवी प्रजाती (जीनस) मांडावी लागली. आणि चार्ल्स डार्विनचं नाव दिलेला एक बेडूक आहे, तो झाडाच्या पाणी भरलेल्या ढोलीत प्रजनन करतो. नर-मादी पाण्याच्या वर, ढोलीच्या भिंतीला उलटे लटकून अंडी घालतात. पिल्लं बाहेर आली की खालच्या पाण्यात पडतात. हे वाचलं तेव्हा मी बराच वेळ पुस्तक मिटून नुसता बसून होतो.

नारकोंडमचा धनेश (हॉर्नबिल) फक्त त्याच बेटावर का?

नारकोंडम म्हणजे उत्तर अंदमानच्या पूर्वेला सव्वाशे-दीडशे किलोमीटरवरचा शांत झालेला ज्वालामुखी. क्षेत्रफळ ७ चौरस किलोमीटरसुद्धा नाही, उंची ७१० मीटर. जगात फक्त इथे राहणारा एक धनेश आहे. नराचं डोकं आणि मान तांबूस, मादी काळी. संख्या काही शेकड्यांत. एवढ्या लहान जागेत सामावलेला दुसरा धनेश जगात नाही.

गंमत अशी की अंदमानच्या मुख्य बेटांवर एकही धनेश नाही. जंगल आहे, फळं आहेत, उंच झाडं आहेत, तरी नाही. नारकोंडमवर उंबर-वडाच्या जातीची झाडं भरपूर आहेत, ढोल्या असलेले जुने वृक्ष आहेत आणि फळांसाठी भांडणारे मोठे प्राणी नाहीत. पण पहिली जोडी नेमकी तिथेच उतरली, यात योगायोगाचा वाटा मोठा. बेटांच्या अभ्यासात योगायोगाला मान द्यावाच लागतो. मला तो या विषयातला सगळ्यांत आवडता भाग वाटतो.

याच बेटावरून २०२१ मध्ये चिचुंद्रीच्या एका नव्या जातीची नोंद झाली. मध्यंतरी तिथल्या पोलीस चौकीमुळे शेळ्या बेटावर आल्या होत्या. त्या जंगलातली कोवळी रोपं खात. धनेशाला घरट्यासाठी जुनं झाड लागतं आणि जुनं झाड आजच्या रोपातूनच होतं, म्हणून शेळ्या हटवण्याची धडपड करावी लागली.

बॅरन बेट तर जिवंत ज्वालामुखी आहे. तिथे काही जगतं का?

जगतं. १८३२ नंतर दीडशे वर्षांहून अधिक काळ तो शांत होता. १९९१ मध्ये पुन्हा जागा झाला आणि तेव्हापासून अधूनमधून धुमसतोच आहे. तरी काही उतारांवर झाडी आहे, पक्षी, वटवाघळं, उंदीर आहेत आणि कधीकाळी सोडलेल्या शेळ्यांचा वंशही आहे.

राखेतून जीव कसे परततात याचं उत्तम उदाहरण दक्षिणेला, इंडोनेशियात आहे. १८८३ मध्ये ज्वालामुखीच्या स्फोटात क्राकाटोआ बेट उद्ध्वस्त झालं. पुढच्या वर्षी मे महिन्यात तिथे उतरलेल्या शोधपथकाला अख्ख्या बेटावर एकच जीव सापडला, एक इवलासा कोळी. तो आपल्या धाग्यावर वाऱ्याने तरंगत आला होता. आज तिथे जंगल आहे.

मेगापोड हा काय प्रकार आहे? तो अंडी उबवत नाही म्हणतात, खरं का?

खरं आहे. निकोबारचा मेगापोड कोंबडीएवढा पक्षी. किनाऱ्यालगतच्या झाडीत वाळू, माती आणि पालापाचोळा पायांनी ओढून मोठा ढीग करतो आणि त्यात अंडी पुरतो. पाचोळा कुजताना जी ऊब निघते तीच अंड्यांना पुरते. शेणखताच्या उकिरड्यात हात घातला की गरम लागतं, तीच ही ऊब. पिल्लू ढिगातून स्वतःच वर येतं आणि लगेच स्वतःचं स्वतः बघायला लागतं.

हे जमतं ते हवामानामुळे. वर्षभर उष्ण, वर्षभर ओलसर, थंडी नाही आणि लांब उन्हाळाही नाही. विषुववृत्ताला जवळ असलेल्या निकोबारमध्ये पाऊस पुष्कळ महिने पडतो. अंदमानात जानेवारी ते एप्रिल बरंच कोरडं असतं, तरी दोन्ही मान्सून मिळून वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या आसपास पडतोच.

कोडं वेगळंच आहे. मेगापोडचे सगळे सख्खे नातेवाईक पूर्वेला, फिलिपिन्स, सुलावेसी आणि त्यापलीकडे, दोन हजार किलोमीटरहून दूर. मधल्या सुमात्रात आणि मलेशियाच्या द्वीपकल्पात एकही नाही. एक मत असं, की पूर्वी ते मध्येही असावेत, पण जिथे रानमांजरं आणि शिकारी प्राणी चालत पोचले तिथे जमिनीवर अंडी पुरणारा पक्षी टिकला नाही. दुसरं मत, की दर्यावर्दी लोकांनी अंड्यांसाठी ते बरोबर आणले असावेत. मला पहिलं अधिक पटतं, पण वाद मिटलेला नाही.

बेटावर प्राणी लहान होतात की मोठे?

दोन्ही. मोठा प्राणी पिढ्यानपिढ्या बेटावर राहिला की पुष्कळदा लहान होत जातो, कारण अन्न मोजकं असतं. सिसिली आणि माल्टा बेटांवर कधीकाळी जेमतेम मीटरभर उंचीचे हत्ती होते. लहान प्राणी शत्रू नसला की वाढतो. आणि शत्रूच नाहीत तर उडायचं कशाला? मॉरिशसचा डोडो हा कबुतराच्या कुळातला पक्षी उडणं विसरला आणि माणूस आल्यावर शंभरेक वर्षांच्या आत संपला. त्याचा आज हयात असलेला सगळ्यांत जवळचा नातेवाईक कोण, तर निकोबार कबुतर : हिरव्या-तांबूस झळाळीचं, मानेवर लांब पिसं रुळणारं. ते मात्र उत्तम उडतं आणि बेटाबेटांतून फिरतं, म्हणून वाचलं.

२००४ च्या त्सुनामीने प्राण्यांचं काय झालं?

२६ डिसेंबर २००४ च्या भूकंपाची तीव्रता ९.१ होती. त्सुनामी सगळ्यांना आठवते, पण बेटांना दुसराही धक्का बसला : जमीन कलली. उत्तर अंदमान आणि पश्चिमेकडची काही बेटं मीटरभर किंवा त्याहून जास्त वर उचलली गेली. प्रवाळाचे विस्तीर्ण पट्टे उघडे पडून उन्हात मेले, खारफुटीला भरतीचं पाणी मिळेना. निकोबार उलट खाली गेलं. इंदिरा पॉइंटची जमीन सुमारे सव्वाचार मीटर खचली. दीपस्तंभ आज पाण्यात उभा दिसतो तो त्यामुळे.

मेगापोडचे ढीग किनाऱ्यालगतच असतात. ते गेले आणि पक्ष्यांची संख्या फार मोठ्या प्रमाणात घटली. लेदरबॅक कासवं ज्या वाळूत अंडी घालत, ती वाळूही गेली. पुढच्या काही वर्षांत लाटांनी नवी वाळू आणून टाकली आणि कासवं परत आली. पोर्ट ब्लेअरजवळ (आताचं श्री विजयपुरम) सिप्पीघाटला खचलेल्या भातखाचरांत समुद्राचं पाणी शिरलं. शेतकऱ्यांचं भरून न येणारं नुकसान झालं आणि पाणपक्ष्यांना नवी पाणथळ जागा मिळाली. भूगर्भ असाच वागतो, एका हाताने काढतो आणि दुसऱ्याने भलत्यालाच देतो.

मग रॉस बेटावर चितळ कुठून आले?

इंग्रजांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सोडले. तिथे त्यांना खाणारं कोणी नाही, त्यामुळे ते वाढले आणि पोहत शेजारच्या बेटांवरही गेले. पर्यटकांना गोड वाटतात, पण जंगलाचा खालचा थर, रोपं, झुडपं, सगळं फस्त करतात. त्या थरात राहणाऱ्या सरड्यांची आणि पक्ष्यांची जागा जाते.

लाकूडतोडीसाठी नेलेले हत्तीही असेच. इंटरव्ह्यू बेटावर एका ठेकेदाराचा धंदा बसल्यावर हत्ती तिथेच सोडून दिले गेले आणि ते रानटी झाले. आफ्रिकन गोगलगाय दुसऱ्या महायुद्धात जपानी सैन्याबरोबर आली असं मानलं जातं.

मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती एका ओळखीच्या बेडकाची. आपल्याकडे पहिल्या पावसात शेतात पिवळेधमक होऊन डराव डराव करणारे मोठे बेडूक असतात ना, तेच या शतकाच्या सुरुवातीच्या वर्षांत अंदमानात पोचले, बहुधा मत्स्यबीजाबरोबर. त्यांचे बेडूकमासे इतर जातींच्या बेडूकमाशांना खातात. महाराष्ट्रात साप, बगळे, मुंगूस मिळून त्यांना आवरतात. तिथल्या चिमुकल्या बेडकांना असा शत्रू कधी भेटलेलाच नव्हता.

मुंबईही बेटच होती. मग तिथे वेगळे प्राणी का नाहीत?

पुन्हा खोली. मुंबई-साष्टीभोवतीचं पाणी उथळ, खाड्या चिंचोळ्या. हिमयुगात समुद्र कितीतरी दूर होता आणि मुंबई कोकणातली एक टेकडी होती. वेगळी जात घडायला लागतो तेवढा एकांत तिला मिळालाच नाही.

तरी बेटाचा नियम तिथे दुसऱ्या वाटेने लागू होतो. १९६० च्या दशकात मॅकआर्थर आणि विल्सन या शास्त्रज्ञांनी मांडलं, की बेटावर किती जाती राहणार हे येणाऱ्या आणि नष्ट होणाऱ्या जातींच्या तोलावर ठरतं. बेट जितकं लहान आणि दूर, तितक्या जाती कमी. संजय गांधी राष्ट्रीय उद्यान सुमारे १०४ चौरस किलोमीटर आहे आणि बहुतेक बाजूंनी वस्तीचा समुद्र. तिथले बिबटे आता खऱ्या अर्थाने बेटावर राहतात.

कोकणातलं एक बेट मात्र सांगायलाच हवं. वेंगुर्ल्यासमोरच्या खडकांवर गुहांमध्ये पाकोळ्यांची वसाहत आहे. लाळेने घरटी करणाऱ्या या पक्ष्याचे भाऊबंद अंदमानच्या गुहांतही राहतात आणि दोन्हीकडे घरट्यांच्या चोरीचा धोका सारखाच.

ग्रेट निकोबारच्या बंदर-विमानतळ प्रकल्पाबद्दल एवढी चर्चा का?

कारण जागा नेमकी ती आहे. गॅलेथियाचा उपसागर हे उत्तर हिंदी महासागरातलं लेदरबॅक कासवांचं फार महत्त्वाचं अंडी घालण्याचं ठिकाण आहे. मेगापोडही तिथलेच. २०२१ मध्ये तिथल्या अभयारण्याचा दर्जा काढला गेला, २०२२ मध्ये बंदर, विमानतळ आणि नगरासाठी पर्यावरण मंजुरी मिळाली. सुमारे १३० चौरस किलोमीटर जंगल त्यासाठी वळवलं जाणार आहे. बदल्यात दुसरीकडे, अगदी मुख्य भूमीवरही, झाडं लावण्याचा पर्याय पुढे केला जातो. वरचं सगळं वाचल्यावर त्याचं मोल तुम्हीच ठरवा. हरयाणात लावलेल्या झाडावर निकोबारचा ट्री श्र्यू राहायला जाणार नाही. मी या प्रकल्पाच्या विरोधात आहे आणि ते लपवायचं कारण मला दिसत नाही. शोंपेन या आदिवासी लोकांचं घर तिथे आहे, तो तर याहून मोठा विषय.

पुढच्या महिन्यात अंदमानला जातोय. चार दिवसांत यातलं काय बघता येईल?

नारकोंडम विसरा, निकोबारला परवानगीशिवाय जाता येत नाही. पण चिडिया टापूला पहाटे जा. अंदमानचा टकाचोर आणि कोतवाल दिसण्याची चांगली शक्यता असते. सिप्पीघाटला थांबा, अंदमानी बदकं तिथे दिसतात. समुद्रकिनाऱ्यावरून शंख-प्रवाळ उचलून आणू नका, आणि बुटांना लागलेली घरची माती निघण्याआधी धुऊन टाका.

आणि ती पोपटी पाल. केळीच्या पानावर, माडाच्या खोडावर, हॉटेलच्या भिंतीवर, दिवसाढवळ्या दिसेल. तिच्या प्रजातीतल्या बाकी सगळ्या जाती मादागास्कर, मॉरिशस, सेशेल्स अशा हिंदी महासागराच्या पश्चिम भागात राहतात. ही एकटीच इतक्या पूर्वेला. मधल्या भारतात नाही, श्रीलंकेत नाही, कुठेच नाही. कधी, कुठल्या ओंडक्यावर बसून तिची आदिमाता हजारो किलोमीटर आली असेल? चहा येईपर्यंत तिच्याकडे बघत बसा. ती हलत नाही फारशी, बघू देते.